एका मुलाला एकच

ऑस्ट्रेलियातल्या कूरिंगल गावात नाताळचं झाड करायची रीत इतकी जुनी आहे, की ती नेमकी काय आहे हे कुणी कुणाला सांगत नाही. सांगताच येत नाही. नाताळच्या आदल्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये सांता येतो, लोकरीच्या मोठ्या पोत्यातून पुडे काढतो आणि एकेका मुलाला नावाने हाक मारतो. तो पुडा त्या मुलाच्याच आईबापांनी आठवडाभर आधी हॉलच्या मागच्या दाराने गुपचूप आणून दिलेला असतो. हे मोठ्याने बोलायचं नाही, कारण मुलं ऐकतात. कुठे लिहायचं नाही, कारण मुलं वाचतात. अलीकडे मुलं वाचत नाहीत, पण नियम तो नियम.

हा सगळा कारभार नोलीन टकवेलकडे होता. तीस-एक वर्षांत एकही मूल रिकाम्या हाताने घरी गेलेलं नाही, हे ती गर्वाने सांगत नसे. फक्त वारंवार सांगत असे. मयताला गेली तरी दोन वाक्यांच्या आत विषय झाडावर येई. सांताही घरचाच होता, तिचा नवरा क्लॅरी. पोट स्वतःचं, दाढी गावची.

या कारभारावर व्हर्ना पोकॉकचा डोळा होता. व्हर्ना म्हणजे ट्रॅक्टरचं दुकान असलेल्या पोकॉकची बायको, गावातल्या महिला मंडळाची अध्यक्ष. ‘नोलीन बिचारी थकली आता,’ असं ती नोलीनच्या प्रकृतीची चौकशी करता करता म्हणे, त्यामुळे ऐकणाऱ्याला ती काळजीच वाटे. यंदा काही चुकलं, की मंडळाच्या जानेवारीच्या सभेत ही काळजी ठराव म्हणून मांडली जाणार, हे नोलीनला पक्कं ठाऊक होतं.

पण नोलीनही कच्च्या गुरूची चेली नव्हती. झाडाचा दुसरा नियम असा, की एका मुलाला एकच पुडा. व्हर्नाचा नातू ब्रोडी याच्या नावाचे मात्र तीन आले होते. एक व्हर्ना स्वतः देऊन गेली, दुसरा पोकॉकने आणून टाकला, तिसरा सून ठेवून गेली. जसा काही ब्रोडी तीन घरांत वेगवेगळा जन्मला होता. नोलीनने एक पोत्यात घातला आणि दोन हॉलच्या स्वयंपाकघरात फडक्याखाली झाकून ठेवले. कार्यक्रम संपला, हॉल भरलेला असला, की अगदी हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, ‘व्हर्ना, हे तुझे चुकून जास्तीचे आले होते बरं का.’ या एका वाक्यावर तिचा अख्खा आठवडा गोड गेला होता.

शनिवारी पारा एक्केचाळीसवर होता. पत्र्याखाली हॉल तापला होता. वणव्याच्या भीतीने कापणीला बंदी होती, म्हणून शेतकरीही झाडून आले होते, आणि त्याच बंदीमुळे बाहेरची सॉसेजची चूल पेटवता येत नव्हती. कूरिंगलला देव एका वेळी एकच देतो, माणसं किंवा सॉसेज.

क्लॅरी लोकरीच्या लाल कोटात घामाने निथळत बसला होता. नोलीन शेजारी उभी राहून पुडे त्याच्या हातात देत होती, नावंही तीच कानात सांगत होती, कारण सांताने चष्मा लावायचा नसतो.

पोतं रिकामं होत आलं आणि दारातून मारिव्हिक डुमलाओ आत आली. ही दवाखान्यातली नवी नर्स, फिलिपिन्सची, गावात येऊन दोन महिने झालेली. हातात शेवयांचं भलंमोठं ताट, मागे इस्त्रीच्या कपड्यांतली दोन मुलं, सात वर्षांचा किको आणि चार वर्षांची याना. दोघं थेट सांतासमोर जाऊन मांडी घालून बसली.

नोलीनने पोत्यात डोकावून पाहिलं. ब्लडप्रेशर तपासायला गेली असताना या बाईला आमंत्रण तिनेच दिलं होतं. ‘मुलांना घेऊन या हो. तुम्ही काही आणू नका, सगळं असतं इथे.’ हे आपलं बोलायचं म्हणून. गावातलं कुणीही ते ऐकून दुसऱ्या दिवशी पुडा आणून दिला असता. मारिव्हिकने शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि कूरिंगलमध्ये एवढा आडमुठेपणा कुणी करत नाही.

पोत्यात चार पुडे उरले होते, चारही धनी समोर बसलेले. आणि पलीकडे चहाच्या टेबलाशी व्हर्ना किको-यानाकडे, मग पोत्याकडे, मग नोलीनकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी पसरायला लागली होती.

“चार आहेत ते सावकाश वाट,” नोलीन क्लॅरीच्या कानात म्हणाली.

“सावकाश? अगं, मी इथे उकडून मरतोय.”

“मग मरताना गोष्ट सांग त्यांना. रेनडियरची सांग.”

क्लॅरीला रेनडियरची गोष्ट येत नव्हती, म्हणून त्याने मेंढी हरवल्याची सांगितली. तेवढ्यात नोलीन स्वयंपाकघरात जाऊन फडक्याखालचे दोन पुडे घेऊन आली. ब्रोडीच्या नावाच्या चिठ्ठ्या तिने वाटेतच काढून एप्रनच्या खिशात घातल्या.

“किको,” ती कानात म्हणाली.

“हा कोण?” दाढीतून आवाज आला.

“क्लॅरी, तू सांता आहेस. तुला सगळं माहीत असतं. हाक मार.”

किकोला क्रिकेटची बॅट मिळाली. यानाला हिरवा ट्रॅक्टर मिळाला, चावी दिली की चालणारा. तिने तो बाळासारखा छातीशी धरला. नोलीनने सुस्कारा सोडला. एक वाक्य गेलं, पण तीस वर्षं वाचली. सौदा वाईट नव्हता.

“आजी,” ब्रोडीचा आवाज हॉलभर घुमला, “तू तर म्हणाली होतीस, मला तीन मिळणार.”

व्हर्नाने त्याच्या तोंडात अख्खा केक कोंबला. पण माना वळल्या होत्या. असला खेळण्यातला ट्रॅक्टर गावात एकाच दुकानात मिळतो आणि ते दुकान कुणाचं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. क्षणभर व्हर्ना सापडली असं नोलीनला वाटलं. पण व्हर्ना अध्यक्ष उगीच नव्हती. ती हसत हसत माइककडे गेली.

“आता कळलंच आहे तर सांगते. नव्या कुटुंबातल्या लेकरांची सांताला आठवण कुणीतरी करून द्यायला हवी होती. नोलीन तरी बिचारी किती ठिकाणी पुरणार? म्हणून म्हटलं, आपणच जरा मनावर घ्यावं.”

हॉल टाळ्यांनी दणाणला. मारिव्हिकने छातीवर हात ठेवला. नोलीनने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जास्त वेळ. बोलणार काय? ‘हे पुडे मी पळवले, कारण या बाईला रीत सांगायला मीच विसरले’? तिने एप्रनवरून खिशातल्या चिठ्ठ्या चाचपल्या आणि माइक हातात घेतला.

“व्हर्नाचे मनापासून आभार. मला म्हातारीला हे सुचलं नसतं. तिने मनावर घेतलंच आहे, तर पुढच्या वर्षीपासून झाडाचं सगळं तिच्याचकडे असावं, असं मी सुचवते.”

“अनुमोदन,” सांता दाढीतून म्हणाला. कुणाला काही कळायच्या आत हात वर झाले. उकाड्यात कूरिंगल कशालाही हात वर करतं.

पांगापांग होताना मारिव्हिक उरलेल्या शेवया घेऊन नोलीनपाशी आली. “व्हर्नाबाईंना थँक्यू म्हटलं. पण एक विचारू? भेटी आणतं कोण?”

नोलीनने डावीउजवीकडे पाहिलं, मुलं लांब आहेत याची खात्री केली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो नियम शब्दांत सांगितला.

“एवढंच?” मारिव्हिक म्हणाली. “अहो, आमच्याकडे सप्टेंबरपासून पुडे बांधून तयार असतात. मलाच वाटलं, इथला सांता खरा असेल.”

जाता जाता नोलीनने लाल कोट, दाढी आणि टोपी एका पिशवीत भरून व्हर्नाच्या हातात दिली. लोक बघत होते, म्हणून व्हर्नाने ती छातीशी धरली.

“ओलं आहे गं. आजच धुऊन टाक, नाहीतर वास राहतो. आणि मशीनमध्ये घालायचं नाही, लोकर आटते. हातानेच धुवायचं.”

गाडीत बसल्यावर क्लॅरीने किल्ली लावली. मग म्हणाला, “पुढच्या वर्षी सांता कोण?”

“पोकॉक.”

“त्याला पोट कुठाय?”

“वर्ष पडलंय. येईल.”

क्लॅरीने हनुवटी चोळली. दाढीचा डिंक अजून चिकटलेला होता. “त्याला मेंढीची गोष्ट येत नाही,” तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.