अठ्ठ्याऐंशी लाखांची पट्टी

जयसिंग कामठे ऊर्फ अण्णा यांच्या घरात पोराचं नाव काढायला बंदी होती. ती बंदी एका गुरुवारी सकाळी, हातातला चहा निवायच्या आत उठली.

तोवरचा जमाखर्च असा होता. सूरज, एकुलता एक, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात शिरला. बाकीची पोरं वेळ घालवायला खेळतात. याला एका संघानं उचललं आणि तो स्पर्धांना जाऊ लागला. दोन्हींतला फरक अण्णांना कुणी सांगितला नाही, आणि सांगितला असता तरी त्यांनी मानला नसता. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा, बिबवेवाडीत तीन मजली घर, समाजात वजन. आणि पोरगा दिवसभर काचेवर बोटं घासतोय! "जुगारी निपजला," असं म्हणत त्यांनी एके संध्याकाळी त्याचा फोन भिंतीवर फेकला. फोन फुटला आणि भिंतीचा पोपडा उडाला. भिंत दुसऱ्याच दिवशी रंगवून घेतली. पोरगा बॅग भरून बाणेरला संघाच्या फ्लॅटवर गेला, त्याला आणायला मात्र दोन वर्षांत कुणी गेलं नाही.

त्या गुरुवारी आडत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक कात्रण आलं. 'मोबाइल खेळून लाखो कमावणारे आपले दहा खेळाडू.' सातव्या जागी नाव होतं सूरज जयसिंग कामठे, पुणे. नावापुढे आकडा होता, अठ्ठ्याऐंशी लाख.

शेजारच्या गाळ्यावरचे लसणाचे व्यापारी भीमराव फोन नाचवतच आले. "अहो कामठे, हा तुमचाच ना? तो जुगारी?"

अण्णांनी चष्मा लावला. आकडा वाचला, मग नाव वाचलं, मग पुन्हा आकडा वाचला.

"माझाच," ते म्हणाले. "लहानपणापासून हाताला वेग आहे त्याच्या."

दुपारपर्यंत गाळ्यावर पेढे वाटून झाले. शुक्रवारी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर अण्णांचा फोटो मोठा, आकडा त्याहून मोठा, आणि सूरज खालच्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या रांगेत कसाबसा मावलेला. रविवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये सत्कार ठरला. समोरच्या ओळीत एक गाळा मोकळा होणार होता, त्याचं बोलणंही अण्णांनी करून टाकलं. पैसे पोराचे, पोराला विचारायचं तेवढं राहून गेलं.

भीमरावांनी तर कमाल केली. त्यांची नम्रता नववीत. तिची शिकवणी बंद केली, त्या फीच्या पैशात भर घातली आणि बुधवार पेठेतून तिला महागडा फोन आणून दिला. "तूही खेळ. कामठ्यांच्या पोरापेक्षा तू काय कमी आहेस?" मुलगा-मुलगी समान हा विचार आपल्या लोकांना केव्हा सुचेल, काही नेम नाही!

वाचकहो, या अण्णांची एक सवय इथेच सांगून ठेवायला हवी. यार्डात माल आणणारा शेतकरी सकाळी पेपरात भाव वाचून येतो आणि माल विकल्यावर हातात पडलेली पट्टी बघून चक्रावतो. पट्टी म्हणजे विक्रीचा कागद. वर एकूण रक्कम, खाली गाडीभाडं, हमाली, तोलाई अशी वजावट आणि सगळ्यांत शेवटी शिल्लक. "पेपरात तर भाव जास्त होता," असं कुणी कुरकुरलं की अण्णा पान थुंकून एकच वाक्य टाकायचे, "पेपर वाचू नका, पट्टी वाचा! पेपरातला भाव वरच्या वक्कलाचा असतो." वक्कल म्हणजे मालाचा ढीग, आणि वरचं म्हणजे त्यातला निवडक, गोल, चकाकणारा कांदा. तीस वर्षं हा माणूस हे वाक्य लोकांच्या तोंडावर मारत आला होता.

घरून 'जेवायला ये' एवढाच फोन गेला होता, त्यावरून रविवारी दुपारी सूरज आला. मैनाताईंनी, त्याच्या आईनं, दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. अण्णांची थोरली बहीण सोजरबाई फुरसुंगीहून मुद्दाम आली होती. सूरजचं अर्धं लहानपण तिच्या ओट्यावर गेलं होतं. श्रीखंड-पुरीचा बेत होता. सूरज डाव्या हातानं चमच्यानं खात होता. उजव्या मनगटापासून अंगठ्यापर्यंत जाड पट्टी गुंडाळलेली होती.

"हाताला काय झालं रे?" मैनाताईंनी विचारलं.

"होईल बरं," उत्तर अण्णांनीच देऊन टाकलं. "आधी हे सांग, पैसे ठेवलेस कुठल्या बँकेत? मी गाळ्याचं बोलून बसलोय."

सूरजनं चमचा खाली ठेवला. "अण्णा, कुठले पैसे?"

"कुठले म्हणजे? अठ्ठ्याऐंशी लाख! सबंध यार्ड वाचतंय."

"तो आकडा माझा नाही, संघाचा आहे. चार वर्षांचा." पोरगा थकल्या आवाजात बोलत होता. "त्यातले अठरा लाख एका स्पर्धेवाल्यानं अजून दिलेलेच नाहीत. दीड वर्ष नुसते मेल करतोय. राहिले सत्तर. बक्षिसावर तीस टक्के टॅक्स आधीच कापतात. उरल्याचा पाचवा हिस्सा संघाच्या मालकाचा. त्यातून जे राहतं ते चार खेळाडू आणि एक कोच यांच्यात वाटून घ्यायचं."

"म्हणजे तुझे किती?"

"पावणेआठ लाख. थोडे वर असतील."

अण्णांचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. "अठ्ठ्याऐंशीचे पावणेआठ? बापाला शेंडी लावतोस? अरे, पेपरात छापून आलंय!"

"पेपरात आलंय खरं. माझ्या खात्यात नाही आलं."

"खोटं बोलतोस! दोन वर्षं बाहेर राहून हेच शिकलास?" अण्णांनी ताटावर मूठ आपटली. वाटी कलंडली. "बरं, पुढची स्पर्धा कधी आहे? मोठी?"

"आहे पुढच्या महिन्यात. मी नाही खेळणार."

"काय?"

"अंगठ्याची शीर सुजलीये. डॉक्टर म्हणाले, सहा महिने फोनला हात नाही. नाहीतर ऑपरेशन, आणि त्यानंतरही अंगठा पूर्ण वळेल याची गॅरंटी नाही. संघानं माझ्या जागी दुसरा प्लेअर घेतला पण. आमच्यात चोविशीत म्हातारे होतात, अण्णा." तो ओशाळं हसला. "मी परत कॉलेजला जाईन म्हणतोय. तिसरं वर्ष पूर्ण करीन. तेच सांगायला आलो होतो. सत्कार-बित्कार मला इथं आल्यावर कळला."

"सहा महिने? लोकांना काय सांगू मी? तो गाळा काय तुझ्यासाठी थांबणार आहे? हे बघ, गोळ्या घे, इंजेक्शन घे, पण एक वर्ष खेळ. एकच वर्ष! गाळ्याचं मिटलं की खुशाल सोड."

सूरज एकेक शब्द तोडत म्हणाला, "अण्णा, माझा फोन तुम्हीच फोडला होता ना? खेळू नको म्हणून?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळं होतं?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं..."

"काय ठाऊक नव्हतं? किती मिळतात ते?"

मैनाताईंनी पदर तोंडाला लावला. आणि सोजरबाई उठली. सत्तरीची बाई, पण उठली ती कोयता घेऊन उसात शिरावी तशी.

"जयसिंग! लाज वाटती का न्हाई तुला?"

"अक्का, तू मधे पडू नकोस. तुला यातलं कळत नाही."

"मला ख्याळ कळत न्हाई. माणूस कळतंय! तुझ्या गाळ्यावर हमालाची पाठ धरली तर तू काय म्हणतूस? 'घरी जा, आठ दिस पडून ऱ्हा.' वर चहापाण्याला देतूस. परक्याच्या पाठीला सुट्टी हाय आन् तुझ्या पोटच्या पोराच्या हाताला न्हाई?"

"अगं, पण एवढा पैसा..."

"पैसा, पैसा! दोनदा हाणलंस तू त्याला. एकदा खेळतो म्हणून हाणलंस, आज खेळत न्हाई म्हणून हाणतुयास! ह्या दोन्हींच्या मधी पोरगं कुठं हाय रं? कवा दिसलं का तुला?"

अण्णा काही बोलायला गेले, पण तिनं बोलू दिलं नाही. तिनं सूरजचा बांधलेला हात अलगद उचलला आणि अण्णांच्या डोळ्यांपुढे धरला.

"शेतकऱ्याला काय सांगतूस रोज? पेपर वाचू नका म्हणतूस न्हवं? मग तू कशापायी वाचत बसलायस? ही बघ पट्टी! हातात दिलीया तुझ्या. वाच आता!"

अण्णांनी ती पट्टी पाहिली. तीस वर्षांत लाखभर पट्ट्या फाडल्या असतील त्यांनी, पण अशी एकही त्यांच्या हातात आली नव्हती. सूरजनं हात सोडवून घेतला आणि पाण्याचा पेला उचलायला गेला. सवयीनं उजवाच हात पुढे झाला होता. अंगठा वळला नाही, पेला निसटला आणि पाणी श्रीखंडात गेलं.

वरचं वक्कल बघून आपण फसलो! आपण, आडते! ज्यानं उभ्या जिल्ह्याला पट्टी वाचायला शिकवली त्यानंच पेपरातला भाव वाचून पेढे वाटले! अण्णा ताटावरून उठले. हात धुतला. मग सूरजकडून डॉक्टरची फाइल मागून घेतली, ती शेवटपर्यंत वाचली आणि कपाटात, घराच्या कागदांशेजारी ठेवली.

संध्याकाळी हॉल भरला होता. लोकांनी पोरंही आणली होती, चांगल्या मुहूर्तावर दर्शनाला आणावी तशी. भीमरावांनी प्रास्ताविकात अठ्ठ्याऐंशी लाखांचा उच्चार इतक्या वेळा केला की सूरजचं नाव घ्यायला वेळच उरला नाही. मग अण्णांच्या हातात माईक आला.

"मंडळी, मी पट्टी वाचतो," अण्णा म्हणाले.

लोक हसले. अण्णा हसले नाहीत. "पेपरातला भाव अठ्ठ्याऐंशी लाख. वजा, बुडवून ठेवलेले. वजा, टॅक्स. वजा, मालकाचा हिस्सा. उरले ते पाच जणांत वाटा. हातात पावणेआठ लाख. चार वर्षांचे! अजून संपली नाही पट्टी. वजा, कॉलेजची वर्षं. वजा..." त्यांनी सूरजच्या बांधलेल्या हाताकडे बोट केलं. "वजा, उजव्या हाताचा अंगठा. ही वजावट बापाला आज दुपारी कळली, कारण बाप आकडा वाचत होता."

मागून कुणीतरी पुणेरी शेरा मारलाच. "कामठे, हा सत्कार आहे की लिलाव?"

"लिलावच आहे!" अण्णा कडाडले. "गुरुवारपासून चाललाय, माझ्या पोराचा. पुकारा मीच केला आणि बोली तुम्ही लावली. पेढे खाताना एकानं तरी विचारलं का, पोरगा कसा आहे म्हणून?"

अण्णांनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

"यादीत दहा नावं आहेत. ते वरचं वक्कल. त्याखाली जी लाखो पोरं खेळून खेळून डोळे फोडून घेतायत, त्यांची पट्टी कुठल्या पेपरानं छापली? खेळ वाईट नाही, मंडळी. माझ्या पोरानं तो मेहनतीनं खेळला, आणि मी त्याला जुगारी म्हणालो. वाईट आपली नजर आहे. पैसा दिसेपर्यंत पोरगा वाया गेलेला, आणि पैसा दिसला की तो माल! भीमराव, नम्रताला खेळायचंय का, हे तिला विचारलंत का हो?"

भीमरावांनी मागे वळून पाहिलं. नम्रता आईच्या शेजारी बसली होती. ती उभी राहिली.

"मला शिकवणी परत हवीये, पप्पा," ती म्हणाली. "आणि त्या गेममध्ये मी रोज पहिल्या मिनिटाला मरते."

हसू फुटलं, पण ते चार दिवसांतलं पहिलं निरोगी हसू होतं. भीमराव मान खाली घालून म्हणाले, "उद्याच फोन परत करून येतो. दुकानदार काय बोलायचं ते बोलू दे."

शाल आणि नारळ सूरजनं डाव्या हातानं घेतले. अण्णांनी नारळ त्याच्या हातातून काढून स्वतःकडे घेतला, जड होता म्हणून. येताना चौकात थांबून, भीमरावांना शिडी धरायला लावून त्यांनी स्वतः फ्लेक्स उतरवला. पुण्यात लावणाऱ्यानंच आपण होऊन उतरवलेला तो बहुधा पहिलाच फ्लेक्स असावा. समोरचा गाळा दुसऱ्या कुणी घेतला तर घेऊ दे, असा निरोपही त्यांनी तिथूनच फोनवर देऊन टाकला.

घराच्या पायऱ्या चढताना अण्णा थांबले. जो प्रश्न दुपारी ताटावरच विचारायचा होता, तो त्यांनी आत्ता विचारला.

"हात कसा आहे रे?"

"दुखतो, अण्णा," सूरज म्हणाला. "फार दुखतो."

वाचकहो, पोरं आपलीही आहेत. कुणाच्या हाती बॅट आहे, कुणाच्या हाती फोन, कुणाच्या हाती पेन. त्यांच्या नावापुढचा आकडा पाहून त्यांना शिव्या देऊ नका आणि पेढेही वाटू नका. आकडा वाचायच्या आधी हात वाचा! पोराची खरी पट्टी कुठल्या पेपरात छापून येत नाही. ती घरात, आपल्याच ताटासमोर, डाव्या हातानं जेवत बसलेली असते.