गुरुवारचं चौथं काम

बायको गेली हे कळलं तेव्हा मी लिफ्टच्या छतावर उभा होतो. शाफ्टमध्ये काम करताना फोन हत्यारांच्या पेटीत ठेवायचा असा आमच्या कंपनीचा नियम आहे, आणि पेटी खाली होती. फोन वाजून वाजून थांबेना, तेव्हा साहेबांनी उचलला. "आहेस तिथेच थांब, मी वर येतो," ते खालून ओरडले. साहेबांचे गुडघे गेलेत, चार वर्षांत ते जिना चढले नव्हते. तेव्हाच मला समजलं.

भाजीच्या दुकानात पैसे देऊन ती वळली आणि खाली बसली, ती उठलीच नाही. दवाखान्यात तिची पिशवी माझ्या हातात दिली. आत कांदे होते आणि यादी होती. बाहेरची सगळी कामं ती गुरुवारी उरकायची आणि झालेल्या कामावर काट मारायची. लाँड्री, काट. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, काट. कांदे आणले होते, पण काट मारायला तिला वेळ मिळाला नाही. चौथं काम होतं, 'कॅमेरेवाला'.

तिला कॅमेरा घ्यायचाय हे मला ठाऊक होतं. विषय निघाला की मी म्हणायचो, "फोन हातात असताना कॅमेरा शोधतेस. काखेत कळसा नि गावाला वळसा." पण हा कॅमेरेवाला कोण? लाँड्रीवाला तिने लिहिला नव्हता, भाजीवाला लिहिला नव्हता. सगळ्या यादीत माणूस एकच होता.

दहा-बारा दिवसांनी मेहुणीचा फोन आला.

"भाऊजी, ताईचा हा कसला फोटो पाठवलात? चोर पकडून उभा केल्यासारखा!"

"व्हिसाचा आहे. त्यात हसायला परवानगी नसते."

"मग परवानगी असलेला पाठवा की. आईला हा बघवत नाही. अकरा वर्षं तिकडे राहून बायकोचा एक हसरा फोटो नाही तुमच्याकडे?"

नव्हता. आमच्या कामात दुरुस्तीच्या आधी एक आणि नंतर एक फोटो काढावा लागतो. मागच्या वर्षी तपासणीच्या तोंडावर फोन भरला. मी दोरांचे, ब्रेकचे फोटो ठेवले आणि घरचे पुसले. म्हटलं, बायको कुठे जातेय, परत काढू. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "दोरच जपा हो. बायको तुटली तर कंपनी थोडीच विचारणार आहे!" मी हसलो होतो. ती त्या कॅमेरेवाल्याकडे जायला लागली ती बहुतेक त्यानंतरच.

पुढच्या गुरुवारी सुट्टी घेऊन मी तिच्या लाँड्रीच्या रस्त्याने शोधत गेलो. लाँड्रीपासून तिसरं दुकान, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी. कॅमेरेवाला माझ्याच वयाचा निघाला. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ नखं. माझे हात मी खिशात घातले. इथली भाषा मला कामापुरतीच येते, तिला छान यायची. मी फोनवरचा तिचा व्हिसाचा फोटो दाखवला, मी तिचा नवरा असं सांगितलं. तो माझ्या मागे दाराकडे बघायला लागला.

"त्या नाही आल्या?"

मी सांगितलं. त्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. त्याचे डोळे भरले आणि मला भयंकर राग आला. मी अजून धड रडलो नव्हतो आणि हा कोण लागून गेला?

त्याने स्टूल पुढे केलं. "इथे बसायच्या त्या. चहा घेता? त्यांचा बिनसाखरेचा असायचा."

घरी ती दोन चमचे साखरेचा प्यायची. मला तसा लागतो म्हणून तीही तोच पीत होती, हे मला या माणसाकडून कळलं.

खणातून त्याने फडक्यात गुंडाळलेला एक वापरलेला कॅमेरा काढला. तिच्यासाठी बाजूला ठेवला होता. घ्यायच्या आधी तिला नीट शिकायचं होतं, म्हणून दर गुरुवारी अर्धा तास. तो बोलत होता, पण माझं लक्ष त्याच्यामागे भिंतीवर गेलं होतं. गिऱ्हाइकांचे फोटो लावले होते, त्यात ती होती. तिचा वरचा एक दात वाकडा होता, म्हणून हसताना तोंडावर हात धरायची. फोटोत हात तोंडावर नव्हता. दात दिसत होता, डोळे मिटले होते.

"काय सांगितलंत तिला, एवढं हसायला?" मी विचारलं. आवाज चढला होता.

"मी? मी काही नाही. त्या तुमची नक्कल करत होत्या."

"माझी?"

त्याने पेन दातात धरलं, मान वाकडी केली, पोट आत ओढलं आणि हात उंच करून हवेत फोटो काढला. दातात टॉर्च धरून दोराचा फोटो काढणारा मीच होतो तो, हुबेहूब.

"फार छान करायच्या," तो म्हणाला. "मी मुद्दाम करायला लावायचो."

बावीस वर्षांच्या संसारात ती नक्कल मी एकदाही पाहिली नाही. या माणसाने फर्माईश करून करून पाहिली.

त्याने फोटो भिंतीवरून काढून मला दिला. कॅमेऱ्याचं म्हणाला, घाई करू नका, पुन्हा या. मी तिथल्या तिथे घेतला. तोच कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन, त्याच स्टुलावर बसवून तो शिकवेल, हे मला सहन होईना. कॅमेरा अजून फडक्यातच आहे.

मेहुणीचे नंतर तीन फोन येऊन गेले. सासूबाई रोज विचारतात म्हणे. फोटो फ्रिजवर लावलाय, यादीच्या शेजारी. तो कुणी काढला, हेच मेहुणी आधी विचारेल. दोनदा मी लिहिलं, 'मीच काढलाय,' आणि दोन्ही वेळा पुसलं. कांद्यांवर काट मारली. चौथ्या कामावर मारलेली नाही, आणि फोटो पाठवायचा राहिला आहे.