दिनकररावांच्या जागी बंटी बेकर

जयपुरात आलेला मराठी माणूस वसंतराव निजसुऱ्यांच्या तावडीतून सुटत नसे. भाजीच्या गाडीशी कुणी ‘कोथिंबीर’ म्हटलं की वसंतराव वळलेच. आधी त्याला सह्याद्री मित्रमंडळाचा सभासद करायचं, मग नाव विचारायचं. उभा जन्म विमा कंपनीत गेलेला माणूस. निवृत्त झाले, तरी हाताची सवय सुटली नव्हती.

यंदा मंडळाला पन्नास वर्षं होत होती, आणि चिटणीस या नात्याने वसंतरावांनी घोषणा केली होती की संस्थापक कै. दिनकरराव खांबेटे यांचं भव्य चित्र हॉलमध्ये लावायचं. टाळ्या पडल्या. अडचण एवढीच होती की दिनकररावांना हयात सभासदांपैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. मंडळ सगळं बदलीच्या लोकांचं. बँकेतले, विम्यातले, केंद्र सरकारातले. आले, चार कोजागिऱ्या केल्या, ऑर्डर आली, गेले. पण ‘मी दिनकररावांना पाहिलं नाही’ असं म्हणणारा एकही जण भेटला नसता. तसं म्हटलं की माणूस नवा ठरतो, आणि नव्याला पंगतीत बसवत नाहीत, हातात मठ्ठ्याचं भांडं देऊन वाढायला लावतात.

एका जुन्या स्मरणिकेत अखेर दिनकररावांचा बोटाएवढा फोटो सापडला. काळी टोपी, गोल चष्मा, झुबकेदार मिशी, आणि चेहरा असा, की समोरच्याचा दावा नामंजूर. स्टुडिओवाल्याने तो मोठा करून रंगवून दिला. मोठा केल्यावर ते आणखी रागावलेले दिसायला लागले.

“वा! काय करारीपणा!” वसंतराव म्हणाले.

“मला तर पोट बिघडल्यासारखं वाटतंय,” त्यांच्या पत्नी रमाबाई म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

त्याच वेळी घरात दुसरंही एक चित्र तयार होत होतं, पण त्याबद्दल वसंतराव बाहेर कुठे बोलत नसत. मुलगी, अनुया, दिवसभर आयटीतली नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी गच्चीवरच्या खोलीत लहानपणच्या व्हिडिओ गेममधली माणसं रंगवायची. गेममध्ये होती तशी गोडगोड नव्हे. इतकी वर्षं उड्या मारून, आपटून, जळून त्यांचं खरंच जे झालं असतं, तशी. तिचं मोठं चित्र होतं ‘बंटी बेकर’चं. अनुया आणि तिचा दादा टीव्हीला कॅसेट लावून खेळायचे, त्या दिवसांत तो त्यांच्या घरात राहायलाच होता म्हणा ना: गुबगुबीत बेकरीवाला, छपरांवरून उड्या मारतो, कावळ्यांना पाव फेकून मारतो. अनुयाने त्याला म्हातारा केला होता. एक डोळा कावळ्याने नेलेला. पिठाने आणि काजळीने माखलेली मिशी. फाटक्या टोपीवरून डोक्याला गुंडाळलेलं फडकं. खांद्यावर खाचा पडलेलं लाटणं, आणि दुसऱ्या खांद्यावर तोच कावळा, आता तोही म्हातारा.

“हे भूत कशाला काढलंस?” वसंतरावांनी विचारलं होतं. “एवढा हात चांगला आहे, गणपती काढ.”

“बाबा, सी-स्कीममधल्या एका कॅफेत प्रदर्शन आहे. गेममधल्या पात्रांचंच. निवड झाली तर महिनाभर अख्खी दर्शनी भिंत माझी. मतलब, माझ्या नावाने! अनुया वसंत निजसुरे.”

“तुझं नाव घाल. त्या भुताखाली माझं नाव नको. मंडळाचे लोक हिंडत असतात तिकडे.”

चित्राखाली लावायच्या कार्डावर अनुयाने लिहिलं, ‘अनुया निजसुरे’. मधली जागा मात्र सोडून ठेवली. मुलगी बापावर गेली होती; प्रस्ताव पूर्ण बंद करायचा नाही.

आता घोळ झाला तो फ्रेमवाल्याकडे. जुन्या शहरातल्या मनोहरजींकडे दोन्ही चित्रं एकाच आठवड्यात गेली. वसंतरावांनी फोनवर सांगितलं, “हमारे मंडल के संस्थापक हैं. बहुत बड़े आदमी. मिशी है, टोपी है.” अनुयाने सांगितलं, “भैया, पुराने गेम का कैरेक्टर है, थोड़ा डरावना. मूँछ है, टोपी है.” मनोहरजींनी जन्मभर राजे-रजवाडे मढवलेले. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली आणि विचार केला. एक डोळा गमावलेला, खांद्यावर शस्त्र, पाठीमागे आग. हा मराठ्यांचा मोठा माणूस, यात शंकाच नाही. आणि हा दुसरा, काळ्या टोपीचा, लहान मुलांना घाबरवणारा, हा गेममधला राक्षस. त्यांनी हात जोडून बंटीला सोनेरी फ्रेम घातली, दिनकररावांना काळी, आणि दोघांना खाकी कागदात गुंडाळून ‘मंडल’ आणि ‘गेम’ असं ठळक लिहून पाठवून दिलं.

रविवारी सकाळी अनुया आपलं पुडकं घेऊन सी-स्कीमला गेली, आणि वसंतराव व रमाबाई मालवीय नगरातल्या हॉलवर. हॉल भरला होता. मुख्य पाहुणे एका बँकेचे मोठे साहेब होते. चित्र आल्याबरोबर कार्यकर्त्यांनी कागद सोडून खिळ्याला टांगलं, त्यावर भरजरी शेला टाकला. वसंतराव तेव्हा दारात पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडत होते.

शंख वाजला. साहेबांनी शेला ओढला.

हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की मागे स्वयंपाकघरात कुणीतरी “भज्यांत ओवा घातला का गं?” विचारलेलं सगळ्यांना ऐकू आलं. भिंतीवरून एका डोळ्याने बंटी बेकर सह्याद्री मित्रमंडळाकडे पाहत होता. वसंतरावांनी खुर्ची धरली. आता कुणीतरी हसणार. आता पन्नास वर्षांचं नाव गेलं.

आणि पहिल्या रांगेतून गोपीनाथराव उठले. मंडळात सर्वांत ज्येष्ठ, म्हणजे तसं ते सांगत. डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, “हुबेहूब!”

“अगदी!” दुसरं कुणीतरी म्हणालं. मठ्ठा वाढायची कुणाची तयारी नव्हती.

“या माणसाबरोबर मी चहा घेतलाय,” गोपीनाथराव म्हणाले. “असेच बघायचे. एका डोळ्याने.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी चंदनाचा हार घातला आणि भाषण सुरू केलं. हातातली ही गदा, खांद्यावरचा हा गरुड, परमुलखात मराठी माणसाने सोसलेले हे घाव. एक बाई तर पदराने नाक पुसायला लागल्या.

वसंतरावांचा खिसा थरथरला. ते खांबाआड गेले.

“बाबा!” अनुयाचा आवाज चढला होता. “माझ्या भिंतीवर तुमचे दिनकरराव लटकलेत!”

“हळू बोल.”

“हळू काय बाबा! फ्रेम कागदासकट लावली, आता सगळ्यांसमोर कागद काढला तर हे! पोरं फोटो काढतायत. विचारतायत, हा कुठल्या गेमचा शेवटचा व्हिलन. परीक्षक कॉफी पितायत. कॉफी झाली की फेरी सुरू. माझं चित्र भिंतीवर नसेल तर मी बाद. कुठंय माझा बंटी?”

“आहे,” वसंतराव म्हणाले. “त्याचा सत्कार चाललाय.”

“काय?”

“बघतो मी.” त्यांनी फोन ठेवला.

खरं म्हणजे बघायचं काहीच नव्हतं. एकाही माणसाला काही कळलं नव्हतं. गप्प बसलं की झालं. अब्रू शाबूत, वर भजी गरम. संध्याकाळी गुपचूप अदलाबदल करता आली असती. उद्या कुणी विचारलं तर गोपीनाथराव दुसऱ्या चित्रालाही हुबेहूब म्हणाले असते. पोरीचं प्रदर्शन काय, पुढच्या वर्षीही येईल. वसंतरावांनी हा हिशेब अगदी नीट जुळवला होता. तेवढ्यात साहेब भाषण संपवून त्यांच्याजवळ आले.

“निजसुरे, चित्रकार कोण हो? काय हात आहे! जखम बघा, वाटतं आत्ता झालीय. आणि त्या लाटण्यावर... गदेवर, प्रत्येक खाच वेगळी!”

“मी मुंबईत मोठमोठी चित्रं पाहिलीत,” गोपीनाथराव म्हणाले, “पण असा माणूस रंगवलेला नाही पाहिला. त्या स्टुडिओवाल्याला पुढच्या सभेत शाल द्या.”

“स्टुडिओवाल्याला?” वसंतराव म्हणाले.

“मग? आणि त्याचा नंबर मला द्या,” साहेब म्हणाले. “आमच्या कार्यालयासाठी—”

भीती असती तर वसंतरावांनी गिळली असती. पण हे गिळता येईना. हात माझ्या मुलीचा, आणि शाल त्या स्टुडिओवाल्याला? दिनकररावांचे कान एक वर, एक खाली काढणाऱ्याला? ते ताडताड गेले आणि माईक हातात घेतला.

“मंडळी, हे दिनकरराव नाहीत.”

कुणाला काही कळेना.

“हा बंटी बेकर आहे. व्हिडिओ गेममधला. तो गरुड नाही, कावळा आहे. ती गदा नाही, लाटणं आहे. फ्रेमवाल्याकडे अदलाबदल झाली. आणि हे चित्र,” इथे त्यांचा आवाज आपोआप मोठा झाला, “हे चित्र माझ्या मुलीनं काढलंय. अनुयानं. माझ्या!”

गोपीनाथरावांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. “दिनकररावांची बेकरीही होती,” ते हळूच शेजाऱ्याला म्हणाले. “फार कमी लोकांना माहीत आहे.”

वसंतराव तोवर स्टुलावर चढून फ्रेम उतरवत होते. खजिनदार धावले. “अहो, हार घातलेली तसबीर उतरवत नाहीत! अपशकुन!”

“हा मेलेला नाही! त्याची अजून स्पर्धा आहे. रमा, खालून धर.”

“सरळ धरा हो, डोळा फुटेल,” रमाबाई म्हणाल्या.

“एकच उरलाय बिचाऱ्याला!”

हारासकट बंटीला घेऊन दोघं ऑटोत बसले. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं, हात जोडले आणि विचारलं, “आपके पिताजी?”

“घर के ही हैं,” वसंतराव म्हणाले.

सी-स्कीमच्या त्या कॅफेत दिनकररावांसमोर पोरांची रांग लागली होती. दोघी-तिघींनी त्यांच्यासारख्या भुवया चढवून फोटो काढून घेतले होते. एक मुलगा म्हणत होता, “भाई, इसको तो हरा ही नहीं सकते.” परीक्षक शेजारच्या चित्रापाशी पोचले होते. अनुयाने बापाला फ्रेमसकट दारातून तिरकं येताना पाहिलं आणि दिनकररावांना उचलून खाली ठेवलं. बंटी खिळ्याला टेकला आणि त्याच क्षणी परीक्षक वळले.

निळ्या केसांची परीक्षक बाई हाराजवळ आली. “हा चंदनाचा हार,” ती हिंदीत म्हणाली, “हीरोला जिवंतपणी घातलेला. हे कसं सुचलं तुला?”

अनुयाने तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं आणि मिटलं.

“घरात चर्चा होते आमच्या,” वसंतराव म्हणाले.

“आणि एवढे घाव?”

“तो जितक्या प्रकारे मेला, तितके,” अनुया म्हणाली. “आम्हीच मारलाय ना त्याला. हा कपाळावरचा दादाचा. गालावरचा माझा. आणि हा गुडघा...”

वसंतराव फ्रेमजवळ वाकले. सकाळपासून पहिल्यांदाच ते चित्र बघत होते. बंटीचा डावा गुडघा चिंधीने बांधलेला होता. तिसरं छप्पर, धुराड्याच्या अलीकडे. मुलं शाळेत गेली की ‘जरा टीव्ही बिघडलाय का बघतो’ म्हणून ते स्वतःच खेळायला बसायचे, आणि दरवेळी तिथेच पडायचे. कुणाला माहीत नाही अशी त्यांची समजूत होती.

“तुला कसं कळलं?”

“बाबा, रिमोटला नेहमी तुमच्या तपकिरीचा वास यायचा.”

“हा गुडघा माझा आहे,” वसंतरावांनी परीक्षक बाईंना छाती पुढे काढून सांगितलं. “मैंने तोड़ा है. कम से कम सौ बार!”

एवढ्यात दारात गलबला झाला. दिनकररावांना परत न्यायला निम्मं मंडळ आलं होतं, भजी कागदात बांधून. गोपीनाथराव सर्वांत पुढे. अनुयाने भिंतीला टेकवलेली काळी फ्रेम त्यांच्यापुढे केली. गोपीनाथरावांनी काळी टोपी पाहिली, चष्मा पाहिला, मान हलवली.

“हे दिनकरराव? छे! मी चहा घेतलाय त्यांच्याबरोबर. चित्रकाराला काही जमलेलं नाही. पोरी, तूच काढ आमचे दिनकरराव. तुझ्या पद्धतीनं. दोन-चार जखमा घाल.”

“कशाच्या जखमा?” अनुयाने विचारलं.

“पन्नास वर्षं मंडळ चालवायचं म्हणजे काय खायचं काम आहे?” वसंतराव म्हणाले, आणि यावर मात्र सगळं मंडळ एकदम “खरंय, खरंय” म्हणालं.

निकाल लागला तेव्हा कॅफेतली पोरं ओरडली. बंटी बेकर महिनाभर दर्शनी भिंतीवर राहणार होता. बघणाऱ्यांच्या मतांत मात्र पहिले आले दिनकरराव, ज्यांनी स्पर्धेत भागच घेतला नव्हता. त्यांना मिळालेला बक्षिसाचा कॉफी-मग रमाबाईंनी घेतला. चहाला बरा आहे म्हणाल्या.

लोक पांगल्यावर वसंतराव एकटेच बंटीसमोर उभे राहिले. खालचं कार्ड त्यांनी वाचलं. ‘अनुया निजसुरे.’ मधली रिकामी जागाही वाचली. मग खिशातून मंडळाच्या पावत्या फाडायचं आपलं पेन काढलं, इकडे-तिकडे पाहिलं, आणि त्या जागेत ‘वसंत’ लिहिलं. जागा पुरेशी होती, पण अक्षरं जरा मोठी झाली. ‘त’ शेवटी ‘निजसुरे’वर चढला.