टेम्पीमावशीची निष्ठा

पुतळ्याचं अनावरण शनिवारी होतं आणि तिथे माझ्या आजीला बोलायला लावणार होते.

गावातल्या गोऱ्या बायकांच्या मंडळाने कोर्टासमोर बसवायला कर्नल बॅस्किनचा संगमरवरी पुतळा आणला होता. कर्नल अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे गुलाम बाळगणाऱ्या राज्यांच्या, बाजूने लढून पडलेला, म्हणून वीर. मंडळाच्या अध्यक्ष मिसेस थॉर्नवेल त्याची पुतणी. त्या स्वतः आमच्याकडे आल्या, पण आत पाऊल टाकलं नाही.

"टेम्पीमावशी, तू व्यासपीठावर बसायचंस," त्या पायरीखालूनच आजीला म्हणाल्या. "उत्तरेची फौज आली तेव्हा आमची चांदीची भांडी तू कशी पुरून ठेवलीस, बाकीचे पळाले तरी तू कशी इथेच राहिलीस, तेवढं सांग." मग माझ्याकडे वळून गोड हसल्या. "तुझ्या शाळेचा विषय पुढच्या महिन्यात बोर्डापुढे आहे ना, लुव्हिनिया? आमचे यजमान बोर्डावर आहेत, ते बघतील."

गोऱ्यांच्या तोंडी आमच्या सगळ्या म्हाताऱ्या मावश्याच असतात. या मावश्यांना कुणी आपल्या टेबलाशी जेवायला बसवल्याचं मात्र ऐकिवात नाही.

काळ्या मुलांच्या त्या एका खोलीच्या शाळेत मी बासष्ट मुलांना शिकवत होते. त्या वर्षी, १९०८ साली, बोर्डाने इतिहासाचं नवं पुस्तक पाठवलं होतं. युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं, गुलामी हे नुसतं निमित्त, असं त्यात छापलेलं. मी ते रोज वाचून दाखवत होते.

"काय गं, तुझ्या पुस्तकात युद्ध कशावरून झालं म्हणतात?" शेंगा सोलता सोलता आजीने विचारलं.

"राज्यांच्या हक्कांवरून."

"कसला हक्क?"

"आजी, तू मुद्दाम विचारतेस."

"मुद्दाम कशाला? मी अडाणी बाई. कसला हक्क म्हणते मी? माझा आयशम विकायचा, तोच ना?"

आयशम माझा मामा. माझी आई जन्मायच्याही आधी, नऊ वर्षांचा असताना त्याला विकलं. गुलामीतून सुटका झाल्यावर सगळे उत्तरेच्या फौजेमागे चालते झाले, आजी राहिली. पोरगं परत आलं तर शोधणार कुठे? त्याला हे एकच घर ठाऊक होतं. आणि चांदी? कर्नलच्या बाईसाहेब काठी घेऊन डोक्यावर उभ्या होत्या, म्हणून पुरली. गावाने याला निष्ठा म्हटलं.

"पण हे तिथे बोलू नकोस," मी म्हणाले. "दोन वाक्यं बोल आणि बस. शाळा गेली तर त्या मुलांचं काय?"

मुलांचं नाव मी पुढे केलं. खरं तर पुन्हा लोकांचे कपडे धुवायची वेळ मलाच नको होती. आजी म्हणाली, "बघू."

शनिवारी चार तालुक्यांतून माणसं लोटली. पुढे खुर्च्यांवर दक्षिणेच्या फौजेच्या करड्या गणवेशातले म्हातारे, मागे दोराच्या पलीकडे आमची माणसं. मिसेस थॉर्नवेलनी पाठवलेला पांढरा एप्रन आजीने घातलाच नव्हता. ती चर्चची टोपी घालून आली होती. मी तिचं कोपर धरून उभी होते.

"माझं नाव टेम्परन्स बॅस्किन," आजी म्हणाली. "मी माझ्या मुलाच्या शोधात आहे."

आमच्या चर्चमध्ये पाद्री दर महिन्याला गुलामीत विकून हरवलेल्यांच्या शोधाची पत्रं वाचतात, ती याच शब्दांनी सुरू होतात. मालक कोण, विकलं कुणी, खूण काय. शेवटी नाव आलं की सगळी सभा ते एकदा मोठ्याने म्हणते. कुणीतरी ते पुढे नेईल, ही आशा. एवढी गर्दी आजीला जन्मात पुन्हा मिळणार नव्हती. ती चांदीच्या चमच्यांच्या गोष्टीवर कशाला घालवेल?

"आम्ही कर्नल बॅस्किन यांच्या मालकीचे होतो. १८५९च्या मार्चमधल्या पहिल्या मंगळवारी त्यांनी त्याला कोर्टाच्या याच पायऱ्यांवर अलाबामाच्या दलालाला विकलं. डाव्या कानामागे भाजल्याचा डाग आहे. आता अठ्ठावन्न वर्षांचा असेल. नाव आयशम."

आणि ती थांबली.

ते नाव कुणी म्हटलं नाही. दोरापलीकडचे आमचे पुरुष हातातल्या टोप्यांकडे बघत राहिले. त्यांना दोष देत नाही, त्या साली माणसं याहून कमी कारणासाठी झाडाला टांगलेली मी ऐकली आहेत. मिसेस थॉर्नवेल आजीकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. आजी नुसती वाट बघत होती.

"आयशम," मी म्हणाले. ते आजीलाही ऐकू गेलं नाही. मला स्वतःची लाज वाटली, रागही आला.

"आयशम!" या वेळी मी ओरडले.

मग झाडांखालून एक बाई म्हणाली. मग दहा, मग दोरापलीकडचे सगळे. बँडवाल्यांना घाईने खूण झाली, ढोल वाजू लागला, तरी नाव ऐकू येत होतं.

मिसेस थॉर्नवेल माझ्यापाशी आल्या. त्या काही बोलायच्या आधीच मी शाळेची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. आजीला ते दिसलं नाही. ती दोराकडे तोंड करून ऐकत होती.