समुद्र निजवणारी बाटली

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मासळीच्या टोपल्या उपड्या घालून म्हाताऱ्या त्यांवर चढल्या होत्या, पोरं दोरखंडांच्या वेटोळ्यांवर उभी होती, आणि खुद्द आमचे पाद्रीबाबा कुणाच्या तरी खांद्याला धरून टाचा उंचावून बघत होते. पश्चिम धक्क्याच्या पार टोकाला, शिंपल्यांनी मढवलेला झगा घालून मातलिनबाबा उभा होता. हातात एवढीशी काळी कुपी.

"समुद्र म्हणजे काय?" तो गरजला. "समुद्र म्हणजे पिसाळलेलं जनावर! त्याला चाबूक लागत नाही, लेकरांनो, त्याला मालकाची हाक लागते. आणि मालक कोण? संत केवरेन! सातव्या लाटेवरून चालत आला होता तो आपल्या किनाऱ्याला!"

"मागच्या रविवारी तिसऱ्या लाटेवरून आला होता," मी हळूच म्हटलं.

"गप गं, बार्बा," शेजारची जानेत आजी खेकसली. "जीभ झडेल."

बाबाने डोळे मिटले, ओठ हलवले आणि कुपी तिरकी केली. थेंबच म्हणायचे, फार तर चमचाभर. बाहेरून वारा येत होता, बंदरातलं पाणी शहारल्यासारखं थरथरत होतं. ते शहारे त्याच्या पायाशी अचानक विरले. चुरगळलेल्या कापडावर इस्त्री फिरत जावी तसा एक गुळगुळीत पट्टा पसरत, सरकत आमच्यापर्यंत आला. होड्यांच्या बुडाशी चाललेला पाण्याचा चपचपाट बंद झाला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

बायका गुडघ्यांवर बसल्या. सगळ्यांत पुढे माझी भावजय, तेफान.

आमचं पोर्झ्वेन हे ब्रिटनीच्या पश्चिम टोकावरचं मासेमारीचं बंदर. तेव्हा आमच्याकडे आगबोट कुणी पाहिलीही नव्हती. शीड आणि वारा, बस्स. मी शिडं शिवायची. आईबाप लवकर गेले, धाकट्या ग्वेनोलेला मीच वाढवला, आणि तो मोठा होऊन तांडेल झाला, स्वतःच्या होडीचा. तेफान त्याची बायको. आदल्या हिवाळ्यात तिचा बाप आणि दोन्ही भाऊ एकाच होडीत गेले. प्रेतं नाहीत, फळीसुद्धा नाही. चर्चच्या आवारात त्यांच्या जागी मेणाचे क्रूस पुरून आम्ही रडणं उरकलं. त्यानंतर वाऱ्याने खिडकी वाजली तरी तेफान दचकून उठायची. अशा बाईला कुणी समुद्र निजवून दाखवला, तर ती गुडघ्यांवर नाही बसणार तर काय करणार?

बाबा पैसे घेत नसे. "नाणं म्हणजे सैतानाचा खवला!" असं म्हणून तो हात झटकायचा. चांदीचा चमचा मात्र सैतानाचा नसावा, तो घ्यायचा. लोणी घ्यायचा, खारवलेलं डुकराचं मांस घ्यायचा, लोकरीचे मोजे घ्यायचा. तेफानने आईची अंगठी दिली. बदल्यात तिला मेणाने तोंड बंद केलेली बाटली मिळाली, ग्वेनोलेने होडीत ठेवायची.

"उघडायची नाही हं, पोरी," बाबाने बजावलं. "हुंगायची नाही, चाखायची नाही. मरण समोर उभं राहील तेव्हाच मेण फोडायचं. आधी फोडली तर संत उडून जातो."

"म्हणजे तपासायचीच नाही," मी म्हटलं.

"आईचं दूध तू तपासून प्यायलीस का?" तो म्हणाला, आणि सगळे माझ्यावर हसले.

न हसलेला माणूस एकच, लोझाक मास्तर. आतल्या डोंगराळ मुलखातून आलेला सडपातळ माणूस. होडीत पाय ठेवला की याला ओकारी व्हायची, त्यामुळे खलाशांच्या थट्टेचं हे ठरलेलं गिऱ्हाईक. पण शाळेच्या खिडकीत त्याने पाऱ्याची एक उंच काचेची नळी टांगली होती, आणि थट्टा करणारे तेच खलाशी पहाटे बंदरावर जाताना तिकडे एक नजर टाकायचे. पारा चढा असला की निघायचे, घसरला की जाळी दुरुस्त करत बसायचे. बाबा आला आणि त्या खिडकीकडे कुणी बघेनासं झालं.

मास्तर बाबाचा खेळ बारकाईने पाहायचा. एकदा त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, आज जरा त्या पूर्वेच्या धक्क्यावरून पाणी शांत करून दाखवता का?"

"संत पश्चिमेचा आहे."

"वाराही पश्चिमेचाच आहे, म्हणून विचारलं."

"मास्तर," बाबा गोड हसला, "ज्याला पाण्यात पाय बुडवला की मळमळतं, त्याने पाण्याबद्दल बोलू नये."

धक्का हशाने दणाणला. ग्वेनोलेही हसला. मास्तर कान लाल करून निघून गेला. पण जाताना तो धक्क्याच्या पायरीवर वाकला, पाण्यात बोट बुडवलं आणि ते नाकाशी नेलं, हे मी पाहिलं.

मग ती सकाळ आली. वारा पडलेला, आकाश पिवळट, आणि कुठूनही वारा नसताना समुद्र मात्र लांब लांब श्वास घेतल्यासारखा फुगत होता. मी शाळेवरून आले होते. पारा इतका खाली गेलेला मी कधी पाहिला नव्हता. ग्वेनोले होडीत जाळी रचत होता.

"आज नको जाऊस रे."

"ताई, मासळी दारात आलीय. सगळं बंदर निघालंय."

"पारा बघ जाऊन."

"मास्तरच्या नळीला सर्दी झाली असेल." त्याने छातीशी ठेवलेली बाटली थोपटली. "आणि ही आहे ना. तेफानने आईची अंगठी दिलीय हिच्यासाठी. नेली नाही तर घरात घेणार नाही मला."

"तुझा विश्वास आहे तिच्यावर?"

त्याने जाळ्याचा एक पदर सारखा केला. "तिचा आहे. ती रात्री झोपते आता, ताई. तेवढं पुरे आहे मला."

शिडाचा एक कोपरा सैल वाटला, तो घट्ट करून दिला. ओहोटीबरोबर होड्या गेल्या.

त्या बंदराच्या तोंडाशी असलेल्या खडकांपलीकडे पोचल्या असतील-नसतील, तोच मास्तर धावत आला. एका हातात शाळेच्या दिव्याच्या तेलाची बरणी, दुसऱ्या हातात चमचा.

"होड्या कुठायत?"

"गेल्या."

त्याने बरणी खाली ठेवली. "काल संध्याकाळी शाळेमागच्या तळ्यावर करून पाहिलं. आज सांगायलाच येत होतो."

"काय करून पाहिलं?"

तो बरणी उचलून पश्चिम धक्क्याच्या टोकाशी गेला. वारा आता सुटू लागला होता, पाण्यावर शहारे आले होते. बायका जमल्या, बाबाही आला. मास्तरने ना डोळे मिटले ना ओठ हलवले. चमचाभर तेल ओतलं. तोच गुळगुळीत पट्टा, तसाच पसरत, सरकत आमच्यापर्यंत आला.



"माशाचं तेल आहे हे," मास्तर म्हणाला. "तेल पाण्यावर पसरतं, त्याची पातळ साय धरते आणि वाऱ्याला बारीक लाटा उठवता येत नाहीत. वारा तिला पुढे ढकलतो, म्हणून वारा येतो त्या बाजूला उभं राहायचं. संत पश्चिमेचा असतो तो यासाठी. बाबा, तुमची कुपी जरा यांना हुंगायला द्या."

बाबाने कुपी झग्यात लपवली. "संताची नक्कल! सैतान नेहमी नक्कल करतो!"

"मग बाटल्या तरी बघू," असं म्हणून जानेत आजीने मुलासाठी घेतलेली, पण घाईत त्याने मागेच ठेवलेली आपली बाटली कमरेची काढली आणि दगडावर आपटून तिचं तोंड फोडलं. तेल न पोचलेल्या बाजूला आतलं पाणी ओतलं. शहारे जसेच्या तसे. तिने तळाशी उरलेला थेंब जिभेवर घेतला. "मीठ," ती म्हणाली. "अगं, हे आपल्याच बंदरातलं पाणी आहे!"

बाबाच्या कुपीत तेल होतं. लोकांना दिलं ते नुसतं खारं पाणी. आम्ही सगळ्या त्या फुटक्या बाटलीकडे बघत उभ्या होतो, आणि एकेकीच्या डोक्यात तोच विचार शिरत होता. तेफान माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, त्यांना कळवायला हवं."

"कसं कळवू, बाळ?"

दुपारपर्यंत तुफान आलं. बंदराच्या तोंडाशी दोन खडक आहेत, त्यांच्या मधून चिंचोळी वाट. चांगल्या हवेत सगळे तीच वापरतात. वादळात मात्र कुणी तिच्या वाटेला जात नाही. पूर्वेच्या भूशिराला वळसा घालून पलीकडच्या खाडीत शिरायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पहिलं शीड दिसलं ते तपकिरी, वर माझ्याच हातचं पांढरं ठिगळ. ग्वेनोले.

तो वळला नाही. सरळ चिंचोळ्या वाटेवर आला.

"वळ!" आम्ही ओरडत होतो, पण आमचा आवाज आमच्याच तोंडात परत येत होता. मास्तर तेलाचं पिंप गडगडवत धक्क्याच्या टोकाला गेला, चार म्हातारे त्याच्या मदतीला. त्यांनी अख्खं पिंप समुद्रात रिकामं केलं. पण वारा समुद्रावरून आत येत होता. तेलाचा एक थेंबही होडीकडे गेला नाही. सगळं परत आमच्याकडे आलं. धक्क्याच्या आत, जिथे कुणालाच गरज नव्हती, तिथे पाणी आरशासारखं झालं, आणि त्या आरशाच्या काठावर उभ्या राहून आम्ही बाहेर पाहत होतो.

ग्वेनोले सुकाणूपाशी उभा राहिला. त्याने हात वर केला. एवढ्या लांबून हातात काय होतं ते दिसलं नाही, पण आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्याने ते समुद्रात ओतलं. पाठीमागून लाट आली, होडी उभी झाली, आणि मग तिथे होडी नव्हती.

मागच्या होड्यांनी ते पाहिलं आणि त्या वळल्या. खाडीत शिरून सगळ्या वाचल्या. ग्वेनोलेचा एकच खलाशी, रिओक, वल्ह्याला लटकून काठाला लागला. दोन दिवसांनी तो बोलू लागला तेव्हा म्हणाला, "तांडेल वळणारच होता. आम्हीच म्हटलं, बाटली आहे की! वळसा घालून कशाला खाडीत रात्र काढायची? तो म्हणाला, बरं, तेफान वाट बघत असेल."

बाबा पळून गेला असेल असं तुम्हाला वाटेल. तो नाही पळाला. होडी बुडाली तेव्हा तो आमच्यातच उभा होता, आणि सगळ्यांत आधी बोललाही तोच. तेफानकडे बोट करून म्हणाला, "श्रद्धा कमी पडली. देणाऱ्याच्या मनात खोट होती." मास्तर त्याच्या अंगावर धावून गेला, जानेत आजीने हातातली टोपली त्याच्या डोक्यात घातली, पण शब्द सुटून गेला होता. दुसऱ्या दिवशी बाबा गाडी करून गेला. तक्रार नेली तर शहरातला अंमलदार म्हणाला, "पाणी विकणं हा गुन्हा कसा होईल?" पुढे दक्षिणेकडच्या एका बंदरात त्याच झग्याचा माणूस धक्क्यावर उभा राहून समुद्र निजवतो, असं खलाशांकडून कानावर आलं. मास्तर त्यांना सावध करायला तिथे चालत गेला. लोकांनी दगड मारून त्याला परत पाठवला.

आता तेफान माझ्याकडेच राहते. माझ्याबरोबर शिडं शिवते. हात चांगला आहे तिचा. तेल म्हणजे काय, वारा म्हणजे काय, हे तिला मास्तरने पुन्हा पुन्हा करून दाखवलंय, आणि तिला ते कळलंयसुद्धा. तरी शिवता शिवता सुई थांबते आणि ती विचारते, "वन्सं, बाटली देताना माझ्या मनात एकदा आलं होतं, हे खोटं तर नसेल? तेवढ्यानं तर नाही ना झालं?"

मी सांगते, "नाही गं. तुझ्या मनात आलं तेवढंच तर खरं होतं." ती मान हलवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

म्हणून सांगते, चमत्कार बघायला जाल तर जरूर जा, पण हात जोडण्याआधी त्या माणसाला दोन गोष्टी विचारा. जागा आम्ही ठरवली, वस्तू आम्ही उघडून पाहिली, तर चालेल का? आणि फसलं, तर चूक कुणाची धरायची? पहिल्याला जो नाही म्हणतो तो लबाड आहे. दुसऱ्याला जो "तुमची" म्हणतो, त्याच्यापासून आपली माणसं लांब ठेवा. त्याचं एका अंगठीवर भागत नाही. शंका घेणं हे पाप नाही. ती मनात आली की दाबू नका, तिथल्या तिथे मोठ्याने बोला, माणसं अजून काठावर असतात तोवर.