खुर्चीत राहिलेली सुई

दाताच्या डॉक्टरांच्या वेटिंगरूममधल्या खुर्च्या न्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार होता, आणि संध्याकाळी सुया डबीत ठेवायला गेले तर वाकडी सुई जागेवर नाही.

मी खुर्च्यांच्या बैठका शिवते. काम करता करता सुई घटकाभर स्पंजात खोचून ठेवायची, ही माझी सवय. पण आज दिवसभर मला कुणी धड बसू दिलं असेल तर शपथ! मुलगा मोजे शोधत आला. सुनेनं दुकानातून फोन केला, टाकी भरली का बघा. आणि आमच्या ह्यांनी तर चष्मा डोक्यावर ठेवून मलाच विचारलं, चष्मा पाहिलास का? त्यातल्याच कुठल्या तरी हाकेला सुई खोचून उठले, आणि परत येऊन वरून रेक्झिन ताणून खालून पिना मारून टाकल्या. आता ती आजच्या पाचांपैकी कुठल्या खुर्चीत गेली, देव जाणे.

"राहू दे गं," हे म्हणाले. "दात दाखवायला आलेला माणूस. टोचून ओरडला तरी डॉक्टर म्हणतील, दाढच ठणकतेय."

"मग आधी तुम्हीच बसून बघा."

हे उठून कपाटावरचं लोहचुंबक घेऊन आले. ते खालून लावलं तर प्रत्येक खुर्चीला चिकटलं, कारण स्पंजाखाली स्प्रिंगा. वरून दाबून बघावं तर स्पंज जाड, हाताला काही लागेना. एखाद्या लेकराच्या अंगात सुई गेली तर? सगळ्या उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"तुम्ही जेवून घ्या," मी म्हटलं. "माझं मी बघते." बोटं सुजली होती, पण सांगायचं कुणाला?

सून कामावरून आली ती पर्स खुंटीला अडकवून तडक जमिनीवर बसली. दिवसभर उभी राहून तिचेही पाय सुजलेले.

"आई, शिकवत बसू नका. कुठलं उचकटायचं तेवढं सांगा."

"खालच्या पिना काढ. हळू! कापड फाटेल."

"हळूच काढतेय."

"याला हळू म्हणतात?"

तेवढ्यात मुलगा आला आणि माझा चांगला स्क्रूड्रायव्हर वाकवून बसला. ह्यांनी काढलेल्या पिना वाटीत ठेवायच्या सोडून खिशात टाकल्या आणि मग खिशात हात घालून "आई गं" म्हणून ओरडले. एकाला सांगावं तर दुसरा चुकतोय. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. पण भाजी गार होत होती आणि जेवायचं नाव कुणी काढत नव्हतं. ते मला दिसत होतं, आणि त्यानं मी जास्तच चिडचिड करत होते.

चौथ्या खुर्चीत सुनेचा हात थबकला. स्पंज अलगद दाबून तिनं सुई चिमटीत धरून वर काढली.

"ही घ्या तुमची लाडकी."

मी सुई घेतली. ती डबीत ठेवली आणि म्हटलं, "बघता काय? आता बंद कोण करणार?"

पुन्हा सगळे वाकले. रेक्झिन ताणून धरायला मुलगा, पिना मारायला सून, आणि मध्ये मध्ये करायला हे.

शेवटी मी एकेक खुर्ची उलटी करून तपासली. सुनेनं मारलेल्या पिना अशा वाकड्यातिकड्या, जणू कोंबडी चालून गेली. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर तिथल्या तिथे उपटल्या असत्या. हात पुढे गेलाही. मग मी खुर्ची सरळ करून भिंतीशी लावली.

"उद्या तुला सुट्टी ना?" मी सुनेला म्हटलं. "सरळ रेषेत पिना मारायला शिकवते."

"म्हणजे आज बऱ्या मारल्या?"

"असं मी कुठं म्हटलं?"

"नाही म्हटलंत," ती हसून उठली. "चला जेवायला."

"तू बस," मी म्हटलं. "भाजी मी गरम करते."