डोंगरी मेंढी

जंगल वाचवायला न्यूयॉर्कहून जी बडी मंडळी आमच्या अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरात यायची, त्यातल्या निम्म्यांच्या कागद गिरण्यांनीच ते आधी बोडकं केलं होतं. पैसा उतू जायला लागल्यावर त्यांना झाडांचा पुळका आला. तळ्याकाठी त्यांनी क्लब काढला, आणि क्लबच्या चुलीपाशी मी, लव्हिना टटल.

क्लबचे अध्यक्ष पेल साहेब, जिल्ह्याचे न्यायाधीश. खटपट करून त्यांनी कायदा आणला: बंदीच्या महिन्यांत हरीण मारलं की तुरुंग. आणि त्याच महिन्यांत साहेबांना ताटात हरीण लागायचं! त्याला आमच्याकडे सगळेच 'डोंगरी मेंढी' म्हणायचे. कोणाला फसवायला नव्हे, खाणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून.

ती आणायचा माझा धाकटा भाऊ ऑरिन. एकदा साहेबांनीच नेमलेल्या रखवालदाराने त्याला हरणासकट धरलं. साहेबांनी सहा महिने ठोठावले, वर भाषणही झोडलं, "असल्या अडाण्यांमुळे निसर्ग रसातळाला चाललाय!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी ऑरिनची बायको पोटुशी आणि हिवाळा तोंडावर.

त्या संध्याकाळी साहेबांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"लव्हिनाबाई, हे काय?"

"मेंढी, साहेब."

"नेहमीची नाही वाटत."

"ही खरीखुरी आहे. नेहमीची आणणारा तुम्ही आत टाकलात."

साहेबांचे कान लाल झाले.

"मग दुसरा कोणी...?"

"दुसरा कोण जाईल मरायला? कायदा कडक आहे ना तुमचा!"

मग मी रोज मेंढीच वाढली, तीही वातड. शेवटी साहेबांना दया आली, स्वतःच्या पोटाची. ऑरिन सुटला. इतकंच नाही, त्या रखवालदाराला हाकलून साहेबांनी त्याची जागा ऑरिनला दिली. 'जंगल राखायला जंगलातलाच माणूस हवा,' असं पेपरात छापूनही आणलं. मी मात्र आनंदाने रडले. घर वाचलं होतं.

थोड्याच दिवसांत ऑरिन छातीवर बिल्ला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. सोबत आमचे शेजारी, म्हातारे एमॉसकाका, हातात बेड्या.

"अरे मेल्या, त्यांच्या घरात दाणा नाही खायला!"

"कायदा आहे, ताई." खांद्यावरचं हरीण त्याने माझ्या पुढ्यात टाकलं. "हे त्यांच्याकडून जप्त केलंय. साहेबांना आज हेच वाढ."